मोकळ्या खडकावरील हिरवळ : समुद्रशैवालाच्या पुनर्वाढीच्या अभ्यासाचा इतिहास आणि बालाघाटचे उघडे डोंगर

प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला आष्टी तालुका समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. येथील माणसाचा समुद्राशी संबंध आलाच तर तो सहलीपुरता किंवा कामधंद्यासाठी मुंबईस गेलेल्या आप्तांपुरता असतो. तथापि भूशास्त्राच्या दृष्टीने हे अंतर फारसे मोठे नाही. आष्टीच्या परिसरातील बालाघाटच्या डोंगरांचा काळा पाषाण आणि रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वर येथे लाटांनी कोरलेला काळा पाषाण हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाप्रवाहांतूनच निर्माण झाले. एका ठिकाणी त्यावर शेळ्या-मेंढ्या चरतात. दुसऱ्या ठिकाणी भरतीच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या शंखधारी गोगलगायी चरतात.

उघडा पडलेला खडक पुन्हा कसा झाकला जातो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. डोंगरावर त्याचे उत्तर मिळण्यास एक पिढी लागते. समुद्रकिनाऱ्यावर मात्र काही आठवड्यांत पहिली हिरवळ दिसते आणि दहा-पंधरा वर्षांत संपूर्ण प्रक्रिया नजरेखालून जाते. म्हणूनच विसाव्या शतकात वनस्पतींच्या पुनरागमनाविषयीच्या अनेक कल्पना भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तपासल्या गेल्या व त्यांपैकी काही तेथेच मोडल्या. प्रस्तुत निबंधात या अभ्यासाचा इतिहास मांडण्याचा आणि त्याच्या प्रकाशात बालाघाटच्या उघड्या डोंगरांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निबंधाचे प्रतिपादन असे की, मोकळ्या खडकावर दिसणारी पहिली हिरवळ ही पूर्वस्थिती परत आल्याची खूण नसते. अनेकदा ती बिघाड अजून चालू असल्याची खूण असते.

कोकणचा कातळ आणि पावसाळ्याची सफाई

खडक मोकळा करण्याचे काम कोकणात दरवर्षी पावसाळाच करतो. जून महिन्यात उधाणाच्या लाटा कातळावर आदळू लागतात, नद्यांच्या मुखांतून गढूळ गोडे पाणी येते, वाळू व गाळ खडकावर घासला जातो आणि उन्हाळ्यात अगोदरच सुकत चाललेले बहुतेक समुद्रशैवाल निघून जाते. मात्र कातळ पूर्ण ओसाड होत नाही. लाटांचा मारा सर्वाधिक असलेल्या वरच्या खडकांवर ऐन पावसाळ्यात पोर्फिरा हे पातळ, जांभळट तांबडे शैवाल उगवते. जपानमध्ये ‘नोरी’ म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या शैवालाचे ते जवळचे नातलग होय. पाऊस ओसरू लागला की उल्वाची हिरवी पाने कातळ व्यापतात. त्यानंतर पडीना, डिक्टिओटा, हिप्निया, ग्रॅसिलॅरिया यांसारखी तपकिरी व तांबडी शैवाले दिसू लागतात आणि ओहोटीच्या खालच्या रेषेजवळ सरगॅसमचे झुबके हिवाळ्यात भरास येतात. मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवतालच्या खडकांवर हा क्रम पाहता येतो. या परिसरास १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला.

या शैवालाच्या पुनरागमनाचे दोन मार्ग आहेत आणि पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी त्यांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सरगॅसमसारख्या शैवालाचा वरचा भाग तुटून गेला तरी खडकाला घट्ट धरून ठेवणारा बुंधा शिल्लक राहतो व अनुकूल ऋतू येताच त्यास नवे कोंब फुटतात. उल्वाचे तसे नाही. त्याचे असंख्य बीजाणू पाण्यात तरंगत असतात आणि जागा मिळेल तेथे रुजतात. पहिल्या प्रकारात खडकाला स्वतःची स्मृती असते. दुसऱ्या प्रकारात जो प्रथम येईल त्याची जागा होते. पावसाळ्याच्या सफाईत बुंधे टिकतात, म्हणून कोकणचा कातळ दरवर्षी बहुतांशी पूर्ववत होतो. खरवडून केलेल्या सफाईत ते टिकत नाहीत.

भारतीय किनाऱ्यावरील शैवालाच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात मात्र पुनर्वाढीच्या प्रश्नाने झाली नाही. ती नामकरणाने झाली. डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक बोर्गेसेन यांनी १९२७-२८ च्या सुमारास भारताचा प्रवास केला आणि १९३० च्या दशकात तत्कालीन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या, तपकिरी व तांबड्या शैवालांवर लेखमाला प्रसिद्ध केली. मद्रास येथे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी शैवालविज्ञानाची परंपरा उभी केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भावनगर येथे केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि १९६६ मध्ये गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्याच्या संस्थेतील उंटवाले, धारगळकर व आगाडी यांनी १९८३ मध्ये भारतातील सागरी शैवालांची यादी प्रसिद्ध केली. या कामाचे मोल निर्विवाद आहे. तरीही यादी एखादी जाती कोठे आहे हे सांगते, ती नाहीशी झाल्यावर तिच्या जागी काय आले हे सांगत नाही. शिवाय नावेही स्थिर राहत नाहीत. जुन्या याद्यांमध्ये स्वतंत्र मानले गेलेले एंटेरोमॉर्फा हे नळीच्या आकाराचे शैवाल २००३ मध्ये उल्वा या प्रजातीतच समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे जुनी यादी व नवी यादी शेजारी ठेवून वाचणाऱ्यास एक शैवाल नाहीसे झाल्याचा भास होऊ शकतो.

क्लेमेंट्सचा सिद्धांत आणि आयल ऑफ मॅनची पट्टी

उघड्या जमिनीवर वनस्पती एका ठराविक क्रमाने येतात, प्रत्येक टप्पा पुढील टप्प्यासाठी भूमी तयार करतो आणि अखेरीस त्या हवामानास अनुरूप अशी स्थिर अवस्था येते, असा सिद्धांत अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मधील आपल्या ग्रंथात मांडला. वनस्पतिसमूह हा जणू एक सजीव असून तो जन्मतो, वाढतो व प्रौढ होतो, असे त्यांचे रूपक होते. या सिद्धांतात एक दिलासा दडलेला आहे. जमीन कितीही उजाड झाली तरी तिला मोकळे सोडावे, निसर्ग आपला क्रम पूर्ण करील, असा तो दिलासा होय. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. तथापि पाठ्यपुस्तकांत क्लेमेंट्सचाच प्रभाव दीर्घकाळ टिकला. भारतीय विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही तोच क्रम अनेक वर्षे शिकविला गेला.

किनाऱ्यावर या समजुतीस धक्का देणारा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच झाला. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन या बेटावर पोर्ट सेंट मेरी येथे एन. एस. जोन्स यांनी १९४६ मध्ये खडकाळ किनाऱ्यावर सुमारे दहा मीटर रुंदीची, भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतची पट्टी निवडली व तीवरील सर्व लिंपेट काढून टाकले. लिंपेट म्हणजे शंकूच्या आकाराचे कवच असलेली, खडकाला घट्ट चिकटून राहणारी गोगलगाय. पाणी चढले की ती हलते आणि खरखरीत जिभेने खडकावरील सूक्ष्म शैवाल खरवडून खाते. हा किनारा तोपर्यंत जवळजवळ उघडा होता. त्यावर शैवाल नव्हते, कारण लाटांचा मारा फार आहे, असे सहज म्हणता आले असते.

लिंपेट गेल्यानंतर खडकावर प्रथम डायाटमचा निसरडा थर आला, मग काही महिन्यांत हिरवे शैवाल आले आणि त्यानंतर फ्यूकस या चामड्यासारख्या तपकिरी शैवालाने ती पट्टी भरून गेली. दोन्ही बाजूंचा खडक पूर्वीसारखाच उघडा राहिला. लाटा तिन्ही जागी सारख्याच होत्या, पाणीही तेच होते. फरक होता तो चरणाऱ्या प्राण्याचा. शीना लॉज यांनी १९४८ मध्ये या पट्टीवरील पुढील निरीक्षणे नोंदविली. कालांतराने कडेच्या खडकांवरून लिंपेट आत सरकले, नवे लिंपेट रुजले आणि पट्टी पुन्हा उघडी झाली. येथे एक बाब आवर्जून नमूद केली पाहिजे. या किनाऱ्याची ‘पूर्वस्थिती’ उघडीच होती. हिरवी पट्टी हा त्या किनाऱ्याचा अपवाद होता आणि खडक पुन्हा उघडा होणे हेच त्याचे पुनर्भरण होते. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या वाचकास ही गोष्ट पटण्यास वेळ लागेल, कारण येथे हिरवे ते चांगले हा संस्कार फार खोल आहे.

टोरी कॅन्यन : सफाईने केलेली हानी

दहा मीटरच्या पट्टीवर दिसलेली गोष्ट पुढे शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर घडली, पण ती प्रयोग म्हणून नव्हे. दिनांक १८ मार्च १९६७ रोजी कुवेतचे कच्चे तेल घेऊन जाणारे टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर आदळले. जहाजात सुमारे १,१९,००० टन तेल होते. ते कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पसरू लागताच शासन, सैन्य व स्वयंसेवक किनारा स्वच्छ करण्यास धावले. तेलाचे बारीक थेंबांत विघटन करणारी दहा हजार टनांहून अधिक रसायने समुद्रावर व किनाऱ्यावर फवारण्यात आली. त्या काळची ही रसायने सागरी जीवांस अत्यंत विषारी होती. तेलाखाली अनेक लिंपेट जिवंत राहिले होते, हे नंतरच्या निरीक्षणांवरून स्पष्ट झाले. रसायनाखाली मात्र ते मोठ्या प्रमाणावर मेले.

त्यानंतरच्या घटनाक्रमाचा अभ्यास प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेने केला. जे. ई. स्मिथ यांनी संपादित केलेला पहिला अहवाल १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि ॲलन व ईव्ह साउथवर्ड या दांपत्याने १९७८ मध्ये दहा वर्षांचा आढावा घेतला. १९६७ च्या उन्हाळ्यातच स्वच्छ केलेले खडक हिरव्या शैवालाने गच्च भरले. वरवर पाहणाऱ्यास किनारा पूर्वीपेक्षा टवटवीत वाटावा अशी ती हिरवळ होती. पुढील वर्षापासून तिची जागा फ्यूकसने घेतली. एरवी उघड्या असणाऱ्या खडकांवर त्याची दाट झालर पसरली. तिच्या सततच्या फटकाऱ्यांमुळे व सावलीमुळे खडकावर चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या कवचधारी प्राण्यांना जागा उरली नाही व ते कमी झाले. त्याच सावलीच्या ओलाव्यात मात्र लिंपेटची नवी पिढी वाढली. तिला कोणी स्पर्धक नव्हता, अन्न मुबलक होते. काही वर्षांत लिंपेटची संख्या अपघातापूर्वीपेक्षाही जास्त झाली. फ्यूकसची जुनी झाडे झडली, नवी रुजण्यापूर्वीच खाल्ली गेली. अन्न संपल्यावर भुकेल्या लिंपेटच्या रांगा खडकावरून पुढे सरकताना निरीक्षकांना दिसल्या आणि मग तेही मोठ्या संख्येने मेले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे खडक नेहमीपेक्षाही अधिक उघडे होते. ही आंदोलने हळूहळू कमी होत गेली. कमी रसायन वापरलेल्या जागा पूर्ववत होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. जेथे फवारणी वारंवार झाली तेथे पंधरा वर्षांपर्यंत काळ गेला.

या कहाणीतील खरा धडा एका दुर्लक्षित जागी आहे. उत्तर कॉर्नवॉलमधील गॉड्रेव्ही येथेही तेल आले होते. परंतु तेथे सील प्राण्यांचा वावर असल्याने त्यांना इजा होऊ नये म्हणून रसायने वापरली गेली नाहीत. तेथील लिंपेट टिकले आणि तो किनारा दोन-तीन वर्षांत पूर्ववत झाला. म्हणजे स्वच्छ न केलेला किनारा स्वच्छ केलेल्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी वर्षे आधी सावरला. सफाई करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर काळे तेल होते आणि ते हटविणे हेच कर्तव्य वाटत होते. किनाऱ्याचा तोल कोण सांभाळतो याची नोंद मात्र आयल ऑफ मॅनच्या त्या पट्टीत वीस वर्षांपूर्वीच झालेली होती. १९६७ मध्ये फवारणीचा निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर ती नव्हती. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाच्या तेलगळतीनंतर उष्ण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी खडक धुण्यात आले, तेव्हाही धुतलेल्या जागांवरील जीवसृष्टीची हानी मोठी झाली. महाराष्ट्रापुरते पाहता ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया ही जहाजे एकमेकांवर आदळून तेल सांडले. त्या वेळी चर्चा मुख्यतः खारफुटीची व मासळीची झाली, कातळावरील जीवांची फारशी नाही.

उलटणारे दगड

लिंपेटच्या अभ्यासाने चरणाऱ्या प्राण्याचे महत्त्व सिद्ध केले. तथापि शैवाल एकमेकांशी कसे वागतात हा प्रश्न उरला होता. जोसेफ कॉनेल व राल्फ स्लेटियर यांनी १९७७ मधील एका गाजलेल्या लेखात पुनरागमनाच्या तीन शक्यता मांडल्या. पहिली, आधी आलेली जाती पुढच्या जातीस मदत करते. क्लेमेंट्सचे म्हणणे हेच होते. दुसरी, आधीची जाती मदतही करीत नाही आणि अडथळाही आणत नाही. तिसरी, आधी आलेली जाती पुढच्या जातीस अडवून धरते.

कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या एलवुड किनाऱ्यावर वेन सूसा यांनी या शक्यता प्रत्यक्ष तपासल्या व १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा किनारा सुट्या दगडांचा आहे. हिवाळी लाटा लहान दगड वारंवार उलटवितात, मोठे दगड क्वचित. दगड उलटला की त्याच्या वरील शैवाल मरते आणि नवी बाजू उघडी होते. लहान दगडांवर कायम उल्वा व बार्नेकल होते, मोठ्या दगडांवर एका तांबड्या शैवालाचेच राज्य होते आणि मध्यम दगडांवर जातींची विविधता सर्वाधिक होती. सूसा यांनी सिमेंटचे ठोकळे ठेवून व काही जागा खरवडून पाहिले. उल्वा आधी आला तर तो तांबड्या शैवालास मदत करीत नाही, उलट अडवितो, असे आढळले. त्याचे बीजाणू वर्षभर उपलब्ध असतात, तर दीर्घायुषी तांबड्या शैवालांचे काही ऋतूंपुरतेच. म्हणून खडक कोणत्या महिन्यात मोकळा झाला यावर पुढचे बरेच अवलंबून राहते. ही कोंडी फोडतो तो एक खेकडा. तो उल्वा आवडीने खातो व त्यायोगे तांबड्या शैवालास जागा करून देतो.

आयल ऑफ मॅनमध्ये चरणारा प्राणी शैवालाला रोखत होता. कॅलिफोर्नियात चरणारा प्राणी पुढच्या शैवालाला वाट करून देत होता. चराई वाईट की चांगली, असा प्रश्न विचारणेच त्यामुळे निरर्थक ठरते. कोण चरते, काय चरते आणि कोणत्या वेळी चरते, हे विचारावे लागते.

मन्नारच्या स्त्रिया

माणूसही किनाऱ्यावर चरतो. नॉर्वेत समुद्रतळाची केल्प यंत्राने काढली जाते. तेथे एक पट्टा काढल्यानंतर तो पुढील काही वर्षे मोकळा ठेवण्याचा नियम आहे. तामिळनाडूत मन्नारच्या आखातातील बेटांभोवती १९६० च्या दशकापासून जेलिडिएला व सरगॅसम ही शैवाले अगार व अल्जिनेट या पदार्थांसाठी काढली जात आहेत. हे काम प्रामुख्याने रामनाथपुरम जिल्ह्यातील मच्छीमार स्त्रिया करतात. त्या पाण्यात बुडी मारून हाताने शैवाल तोडतात. १९८६ मध्ये येथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यानंतर त्यांचा वनखात्याशी दीर्घ संघर्ष झाला. या संघर्षाच्या काळातच स्त्रियांनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली : खडक खरवडणारी लोखंडी हत्यारे वापरावयाची नाहीत, हाताला कापड गुंडाळून तोडावयाचे आणि महिन्यातील मोजकेच दिवस समुद्रात जावयाचे. त्यांच्या नेत्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला.

हाताने तोडल्यास बुंधा राहतो आणि लोखंडाने खरवडल्यास बुंधाही जातो, एवढाच हा फरक आहे. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर या स्त्रियांनी कोंबांतून होणारी वाढ राखली आणि खडक बीजाणूंच्या शर्यतीसाठी मोकळा होऊ दिला नाही. याच आखातात लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे परदेशी तांबडे शैवाल कृसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदविले गेले. तेथे वाढ होती आणि प्रवाळ गुदमरत होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद दाखविण्यात आली. कोकणातही या लागवडीची चर्चा वाढली आहे. अशा वेळी उत्पादनाच्या टनांबरोबर या दोन नोंदीही विचारात घेतल्या जाव्यात, हे रास्त होय.

बालाघाटकडे परत

समुद्रावरील निष्कर्ष डोंगरावर जसेच्या तसे लावता येत नाहीत. खडकावर शैवालास माती लागत नाही. डोंगरावर माती वाहून गेली की बीज असूनही रुजत नाही. शिवाय लिंपेटचा मालक नसतो. मेंढरांचा असतो, आणि त्याचे पोट त्यांवर चालते. चराईबंदीच्या चर्चेत हे वाक्य बहुधा शेवटी येते. ते आधी यावयास हवे.

तरीही काही साम्ये दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दाबडघाव व शंकरनारायण यांच्या भारतातील तृणाच्छादनावरील ग्रंथात दख्खनच्या पठाराचा समावेश पवन्या व मारवेल या गवतांच्या पट्ट्यात केला आहे. अतिचराई झाली की ही चविष्ट, बहुवर्षायू गवते मागे हटतात आणि कुसळी पुढे सरसावते. पहिल्या पावसानंतर जुलै-ऑगस्टमध्ये आष्टीच्या रस्त्यावरून दिसणारे डोंगर हिरवेगार असतात. जवळ जाऊन पाहिल्यास त्या हिरवळीत कुसळी व एकवर्षायू गवते किती आणि पवन्या किती, हा प्रश्न पडतो. दिवाळीपर्यंत कुसळीची टोकदार बीजे मेंढरांच्या लोकरीत अडकू लागतात तेव्हा मेंढपाळास त्याचे उत्तर मिळालेले असते. गिरीपुष्पाच्या रोपवनांविषयीही असेच म्हणता येईल. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ते लावले जाते, ते तगते आणि डोंगर दुरून हिरवा दिसतो. कॉर्नवॉलच्या १९६७ च्या उन्हाळ्याची आठवण येथे होते.

काळाचा प्रश्नही सारखाच आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी जाणारी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अनेक टोळ्या बैलजोड्या सोबत नेतात. म्हणजे गवत वाळलेले असते त्या महिन्यांत डोंगरावरील जनावरांचा भार काहीसा कमी होतो आणि ज्या दिवसांत नवे कोंब फुटतात नेमका तेव्हा तो परत येतो. चराईबंदी वर्षभर हवी की पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांपुरती, हा प्रश्न या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. सहा-आठ आठवड्यांची बंदी मेंढपाळ सोसू शकेल. वर्षभराची बंदी त्याला गाव सोडावयास लावते.

शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी व चराईबंदी लागू झाली. तेथील यशाचे श्रेय बहुधा बंदीला दिले जाते. मात्र तेथे जनावर सोडण्यास मनाई असली तरी गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा होती, ही गोष्ट कमी सांगितली जाते. विळा बुंधा राखतो. मन्नारच्या स्त्रियांच्या कापड गुंडाळलेल्या हाताचे आणि हिवऱ्याच्या विळ्याचे तत्त्व एकच आहे. आणि दोन्ही ठिकाणी जे लोक त्या साधनावर जगत होते त्यांनीच ते स्वीकारले होते. मराठवाड्यातील गायरानांवर हे इतके सरळ नाही. तेथील काही जमिनी भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबे अनेक वर्षे कसत आली असून त्या हक्काचा लढा हा वेगळाच इतिहास आहे. ‘डोंगर व गायरान मोकळे करा’ अशी घोषणा पर्यावरणाच्या नावाने दिली जाते, तेव्हा मोकळे कोणापासून करावयाचे हेही उच्चारले गेले पाहिजे.

आयल ऑफ मॅनच्या प्रयोगाला मोठा निधी लागला नव्हता. आष्टी परिसरातील एखाद्या महाविद्यालयास डोंगरउतारावर दहा मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या निश्चित करणे अवघड नाही : एक वर्षभर कुंपण घातलेली, एक केवळ मृगापासून पोळ्यापर्यंत बंद ठेवलेली आणि एक नेहमीप्रमाणे खुली. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक पट्टीतील गवते त्यांच्या स्थानिक नावांनिशी मोजावी लागतील आणि ती नावे सांगण्यास वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाबरोबर परिसरातील एखादा वयस्क मेंढपाळ बसवावा लागेल. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये. कॉर्नवॉलमध्ये तोपर्यंत फ्यूकस ऐन बहरात होते.